सैफूभाईंचा नववा सीझन

“नाई म्हंजे नाई, इकरा! नववा सीझन मी घरात लावनारच नाई!”

एवढं एकच वाक्य सैफुद्दीनभाई जरा चढ्या आवाजात बोलले, आणि मंगरूळपीरात तीस वर्षं कमावलेल्या त्यांच्या नावाची दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पार वाट लागली. धंद्याच्या जागी तोंड सांभाळून बोलावं, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण कार्टूनबद्दल बोलतानासुद्धा सांभाळावं लागतं, हे बिचाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सैफुद्दीनभाई कूलर बनवायचे. प्लास्टिकचे, चाकांवरचे, हात लावला की सरकणारे नव्हेत. लोखंडी पत्र्याचे, चौघांनी उचलायचे, एकदा खिडकीत बसवले की घराबरोबर म्हातारे होणारे. कूलर तयार झाला की मागच्या पत्र्यावर ते छिन्नीनं सालाचा आकडा ठोकत. दुरुस्तीला आलेला कूलर ते आधी उघडत नसत. तो सुरू करायचा, डोळे मिटायचे आणि कान लावायचा. “पात्याले गंज धरला,” असं म्हणत, मग उघडत, आणि पात्याला गंजच निघे. या कानावर अख्ख्या तालुक्याचा भरवसा होता. शिवाय कूलर वर्षातले चार महिनेच चालतो, म्हणून मंगरूळपीरात त्याचं वय कुणी वर्षांत सांगत नाही. ‘माह्या कूलरचा पाचवा सीझन हाय’ असंच म्हणतात.

आता सैफुद्दीनभाईंची दुसरी बाजू. ती त्यांनी तालुक्यापासून लपवली होती. त्यांना ‘गडबड निवास’ नावाच्या कार्टूनचं वेड होतं. हे कार्टून चोवीस वर्षं चालू आहे आणि बंद पडायचं नाव घेत नाही. त्यात चमनलाल नावाचा टायपिस्ट आहे. त्याचं ऑफिस दुसऱ्याच सीझनमध्ये बंद पडलं. पण ते त्याला सांगायची कुणाचीच हिंमत होत नाही, म्हणून तो रोज डबा घेऊन कुलपासमोर बसून येतो. त्याची बायको एकच खोली दोन भाडेकरूंना देते, आणि अंगणातल्या म्हशीला सगळं कळतं, पण ती कुणाला काही सांगत नाही. इकरा सहा वर्षांची होती तेव्हापासून बापलेक संध्याकाळी सातला जेवणाची ताटं घेऊन हे बघायला बसत. हसता हसता दोघांनाही ठसका लागे आणि इकराची आई मेहरबी दोघांच्या पाठीवर धपाटे घाली.

ती इकरा आता सत्तावीस वर्षांची झाली होती आणि नागपूरला एका दवाखान्यातलं औषधांचं दुकान सांभाळत होती. यंदाच्या हिवाळ्यात तिनं सगळे जुने भाग अब्बांच्या मोबाइलवर आणून दिले. तिनं तिकडं रोज एक भाग पाहायचा, यांनी इकडं तोच पाहायचा आणि दुपारी फोनवर बोलायचं, असा नेम सुरू झाला. तिसऱ्या सीझनपासून आठव्यापर्यंत. कारण खरं ‘गडबड निवास’ तेवढंच, हे दोघांनीही मान्य केलेलं. मंगळवारी आठवा संपला. बुधवारी दुपारी इकरानं सुचवलं, की आता नववाही पाहून टाकू.

सैफुद्दीनभाईंना एक सवय होती. घरात पाऊल टाकलं की उर्दू आणि दुकानात पाऊल टाकलं की वऱ्हाडी. मग समोर गिऱ्हाईक असो की फोनवर स्वतःची लेक, जीभ आपोआप बदलायची. तो फोन घरात आला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो दुकानात आला, आणि दुकानात नथ्थू बसला होता.

नथ्थू म्हणजे गावाबाहेरच्या मळ्यात वांगी-मेथी पिकवणारा साधासुधा माणूस. कूलरचा पंप दुरुस्तीला देऊन तो स्टुलावर बसला होता. त्याला फोनची एकच बाजू ऐकू येत होती, आणि ती अशी होती:

“अवं, तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत एक नंबर. त्याच्यात खोट नाई. पहिले दोन तं निस्ते ट्रायलचे होते... नववा? नाई म्हंजे नाई, इकरा! नववा सीझन मी घरात लावनारच नाई! नवव्यापासून आवाजच बदलला ना बेटा! मले काय कळत नाई काय? घरघर येते आतून... अवं, आतला माल संपला होता. वरून रंग मारू मारू चालवून राह्यले. मी म्हन्तो, आठव्यालेच बंद करून टाकाले पायजे होतं... दहाव्याचं तं नावच काढू नको. दहाव्यात म्हैस विकून टाकली त्याइनं.”

म्हशीचं काय ते नथ्थूला उमगलं नाही. ते बापलेकीचं घरगुती काही असेल म्हणून त्यानं सोडून दिलं. बाकीचं सगळं मात्र त्याला लख्ख समजलं. त्यानं पंप घेतला आणि थेट घर गाठलं.

“गोजरे, कूलर फिरव,” दारातूनच तो बायकोला म्हणाला.

“काहून?”

“साल पाह्यतो मांगचं.”

दोघांनी मिळून कूलर फिरवला. मागे २०१७ ठोकलेलं होतं. गोजराबाई बोटांवर मोजू लागली.

“सतरा, अठरा, एकोनीस... कोरोनाचं साल धराचं का?”

“दोन धर. तवा दिवसरात चालला.”

“मंग तं हा दहावा!”

“आन एक धरलं तं नववा. कसंही मोज, आपून गेलो कामातून.” नथ्थू मटकन खाली बसला. “सैफूभाई सोता म्हने, आठ सीझनच्या पुढं सारा भंगार. नवव्यापासून आवाज बदलते.”

“तुमाले म्हने?”

“मले कायले सांगन तो? पोरीले सांगून राह्यला होता फोनवर. सोताच्या पोरीले कोनी खोटं सांगते काय?”

गोजराबाईनं कूलर सुरू केला. तो घरघरला. गेली आठ वर्षं तो असाच घरघरत होता आणि त्या घरघरीवर तिला दुपारची छान डुलकी लागत होती. आज मात्र ती डोळे मिटून कान लावून उभी राहिली.

“अवं माय! खरंच बदलला वं आवाज!”

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाई मेथी घेऊन बाजारात बसली. प्रत्येक जुडीबरोबर तिनं गिऱ्हाइकाला ही खबरही दिली. तिच्यात वाईट काहीच नव्हतं. उलट लोकांचं भलं व्हावं म्हणूनच ती सांगत होती, आणि भलं करायला निघालेल्या बाईला कोण आवरणार? मेथी संपायच्या आत निम्म्या गावानं आपापल्या कूलरची पाठ पाहिली.

सैफुद्दीनभाईंनी दुकान उघडलं तेव्हा गल्लीत सात कूलर उभे होते. अकरा वाजता ते एकोणीस झाले. कुणी हातगाडीवर आणला, कुणी ऑटोत, एकानं तर बैलगाडीत घालून. सैफुद्दीनभाई आधी खूश झाले. यंदा सीझन लवकर लागला, एवढंच त्यांना वाटलं. पण गिऱ्हाइकं काही धड बोलेनात.

“काय झालं याले?” त्यांनी पहिल्याला विचारलं.

“अकरावा हाय,” तो खिन्नपणे म्हणाला.

“अकरावा काय?”

“आता मलेच इचारता काय, सैफूभाई?”

दुसरा म्हणाला, “माहा तेरावा.” आणि त्यानं असा चेहरा केला, की सैफुद्दीनभाईंना क्षणभर वाटलं, याच्या घरी कुणी गेलंबिलं की काय. मुकेश नावाच्या एका मास्तरांनी तर गेल्याच वर्षी नेलेला कोरा करकरीत कूलर परत आणला होता.

“याले काय धाड भरली? निस्ता एक साल झालं!”

“पहिले दोन ट्रायलचे असतात म्हने,” मास्तर कानाजवळ येऊन म्हणाले. “मले तिसऱ्यातला द्या.”

सैफुद्दीनभाईंचं डोकं गरगरायला लागलं. तेवढ्यात जगदेव आला आणि सगळ्यांनी त्याला वाट करून दिली. जगदेवचं बायकोच्या नावानं काढलेलं ‘साधना लॉन’ होतं. तालुक्यातली निम्मी लग्नं तिथं लागत. यंदा तिथं बारा कूलर बसायचे होते आणि ते सैफुद्दीनभाईच देणार, असं ठरल्यात जमा होतं. लॉनवर ज्याचा कूलर चालतो, त्याचाच वऱ्हाडातले पाहुणे घरी नेतात. म्हणजे जगदेव सुटला की अख्खा तालुका सुटला.

“सैफूभाई,” जगदेव म्हणाला, “तुमी आपल्या पोरीले खरं सांगता, आन आमाले आठ सीझनचा माल देता?”

मग कुठं नथ्थू पुढं झाला आणि फोनवर ऐकलेलं सगळं, म्हैस वगळून, त्यानं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. सैफुद्दीनभाईंनी कपाळाला हात लावला आणि ते हसत सुटले. हसणारे ते एकटेच होते.

“अरे बाप्पा, ते कूलरचं नोतं! ते कार्टूनचं होतं!”

चोपन्न वर्षांचा, पांढरी दाढी, नाकावर चष्मा, हातात पाना घेतलेला माणूस ‘कार्टून’ म्हणाला होता.

“कार्टून?” जगदेव म्हणाला. “तुमी पाह्यता?”

“पाह्यतो.”

“सैफूभाई, बहाना कराचा तं ढंगाचा करा. तुमाले शोभते काय हे?”

सैफुद्दीनभाईंनी आतल्या दाराकडं पाहून हाक मारली. दुकानामागंच घर होतं. मेहरबी पदर सावरत दारात आली.

“सांग याइले, मी रोज सातले काय पाह्यतो?”

मेहरबीनं एकवार गर्दीकडं पाहिलं. गेली वीस वर्षं तिनं शेजारणींना एकच सांगितलं होतं. मोठ्या माणसाची बायको म्हणून तिलाही काही इज्जत होती.

“बातम्या,” ती बारीक आवाजात म्हणाली.

“मेहरबी!”

“अब क्या बोलूं मैं? खरं सांगते बाप्पा, कार्टूनच पाह्यतेत ते.”

“पर तूच तं म्हने, बातम्या पाह्यतेत म्हनून!” गोजराबाई गर्दीतून ओरडली. “मी इचारलंही होतं, का बातम्या पाह्यून इतकं हासते कोन? तं तू म्हने, आजकालच्या बातम्याच तशा हायेत!”

साक्षीदार फुटला होता. आता एकच मार्ग उरला. सैफुद्दीनभाईंनी मोबाइल काढला, एका कूलरच्या डोक्यावर उभा केला आणि आठव्या सीझनचा त्यांचा सगळ्यात लाडका भाग लावला. चमनलालला ऑफिसात बढती मिळते तो. पुढचे आठ-दहा जण पुढं वाकले. मागच्यांना काही दिसेना. ते आपापल्या कूलरला टेकून निकालाची वाट पाहत उभे राहिले.

आधी मुकेश मास्तर फिसकन हसले. मग नथ्थू हसला. चमनलाल बंद कुलपासमोर उभा राहून स्वतःच्याच गळ्यात हार घालतो, तिथं तर जगदेवही हसला आणि त्यानं डोळे पुसले. सैफुद्दीनभाईंचा जीव भांड्यात पडला.

पण जगदेव व्यवहारी माणूस. पटकन पटलं तर तो जगदेव कसला? “कार्टून खरं हाय, हे मानलं,” तो म्हणाला. “आता नववा लावा. आवाज बदलला का नाई, मी पाह्यतो.”

नववा लागला. जगदेवनं अगदी सैफुद्दीनभाईंसारखेच डोळे मिटले आणि कान पुढं केला. पाच मिनिटं कुणी हूं की चूं केलं नाही.

“आवाज तोच हाय,” जगदेव म्हणाला.

“बदलला हाय!”

“तोच हाय, सैफूभाई. मास्तर, तुमी सांगा.”

“तोच वाटते बुवा,” मास्तर म्हणाले. नथ्थूनंही मान डोलावली.

“अरे, घरघर आयकू येत नाई तुमाले? जीव नाई त्या आवाजात!”

जगदेवनं डोळे उघडले आणि शांतपणे म्हणाला, “मानसाचाच आवाज तुमाले धड आयकू येत नसन, तं मोटरचा काय येत असन? इतके साल तुमी कान लावून सांगून राह्यले, आन आमी मान हालवून राह्यलो.”

सैफुद्दीनभाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आता नववा खराब म्हणावं, तर मागे उभे असलेले लोक कूलर तिथंच टाकून जाणार. आवाज तोच आहे म्हणावं, तर त्यांचा कानच खोटा पडणार, आणि त्या कानाशिवाय त्यांच्याजवळ होतं काय? ते कधी कूलरबद्दल खोटं बोलले नव्हते. ‘गडबड निवास’बद्दल तर त्याहून नाही.

“मले तं बाप्पा नववाच जास्त आवडला,” जगदेव सहज बोलून गेला. “सैफूभाई, कानाचं जाऊ द्या. एका शब्दात सांगा, नववा चांगला का वाईट?”

सैफुद्दीनभाईंनी बारा कूलर डोळ्यांसमोर आणले. मग गल्लीतले एकोणीस आणले.

“चांगला हाय,” ते म्हणाले.

“मागं आयकू नाई आलं!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

“नववा सीझन चांगला हाय!” सैफुद्दीनभाई जीव खाऊन ओरडले.

गल्लीत एकदम जान आली. ज्यांचे नववे होते त्यांनी लगेच हातगाड्या वळवल्या. जगदेवनं बारा कूलर पक्के केले आणि उरलेला नववा पाहायला भागाचं नाव विचारून घेतलं. पण बाकीचे कसे हलतील?

“दहावा?” एकानं विचारलं.

दहाव्यात म्हैस विकली होती. सैफुद्दीनभाईंनी डोळे मिटले. “चांगला.”

“अकरावा?”

“चांगला.”

“तेरावा?”

तेराव्यात चमनलालला अमेरिकेला पाठवलं होतं. त्यासारखी वाईट गोष्ट जगात दुसरी झाली नसेल, असं त्यांचं मत होतं. “लय चांगला,” ते म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

असं एकेक करत, मान खाली घालून, ते चोविसाव्यापर्यंत आले. चोविसावा त्यांनी पाहिलेलाही नव्हता. लोक खूश होऊन कूलर घेऊन गेले. सगळ्यात शेवटी सोनीबाई राहिली. तिच्या कूलरचा पत्रा जागोजागी ठिगळलेला होता.

“माहा सव्विसावा,” ती म्हणाली.

“सव्विसावा?” सैफुद्दीनभाई थकून म्हणाले. “तो तं निघालाच नाई अजून, बाई.”

“निघाला नाई म्हंजे? सन दोन हजारात तुमच्याच हातून नेला म्या! मंग इतके साल माह्या घरात हवा कोन मारून राह्यलं?”

त्यांनी तिचा कूलर तिथंच सुरू केला, डोळे मिटून कान लावला आणि म्हणाले, “याले काही झालं नाई. निस्तं तेल टाका.” हे मात्र खरं होतं.

दुपारी इकराचा फोन आला. तिला आईनं सगळं आधीच सांगितलं होतं.

“अब्बा, चोवीसच्या चोवीस चांगले म्हनले तुमी?”

“धंदा हाय बेटा.”

“तेरावासुद्धा?”

“तेराव्याचं नको काढू. लय लागलं मले.” आणि त्यांना खरंच लागलं होतं.

इकरा हसली. मग म्हणाली, “पण एक सांगू? मी भागांच्या शेवटी येणारी नावं काढून पाहिली. चमनलालचा आवाज अकराव्यापर्यंत एकाच माणसाचा आहे. नवव्यात बदललाच नाही. जगदेवकाका बरोबर होते.”

“बदलला,” सैफुद्दीनभाई म्हणाले. “मी आयकलं ना.”

“अब्बा, कधी आयकलं पण? नेमकं कधीपासून बदलला?”

सैफुद्दीनभाईंनी हातातला पाना उगाच उलटासुलटा केला.

“तू अकोल्याले होस्टेलवर गेली ना, त्या सालापासून,” ते म्हणाले. “मी लावत होतो रोज. आवाज येत होता. पन बाजूनं कोनी हासतच नोतं.”

फोन कटला की काय म्हणून त्यांनी तो कानापासून काढून पाहिला.

“मी शनिवारी येते,” इकरा म्हणाली. “नववा आपण दोघं मिळून पाहू. पहिल्या भागापासून.”

“शनिवारी नको येऊ. लय उकाडा हाय इकडं. तुले सोसनार नाई.”

“अब्बा,” इकरा म्हणाली, “तुमी कूलरवाले आहात.”